हृदयाच्या झडपा आणि लहानपणचा सांधेताप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, पवित्र मिस्सानंतर झालेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने रोगावर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आपल्या घरोघरी असूनही स्वतःच्या छातीतील हृदयाविषयी आपणांस फारच थोडे ठाऊक असते. आणि या अज्ञानाची किंमत आम्ही या वेदीपुढेच दिलेली पाहिली आहे. म्हणून आज हृदयाच्या झडपांच्या विकाराविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. आम्ही डॉक्टर नाही. जाणत्यांकडून जे समजून घेतले, तेवढेच सांगू.

हृदय हा चार कप्प्यांचा पंप होय, आणि त्यात चार झडपा आहेत. आपण शेतकरी माणसे. विहिरीतील फूटव्हॉल्व्हची झडप कशी असते हे आपणांस सांगावयास नको. ती नीट मिटली नाही तर चढलेले पाणी मागे विहिरीत उतरते. ती नीट उघडली नाही तर इंजिन धापा टाकते व पाटात पाणी येत नाही. हृदयाच्या झडपेचेही हेच दोन दोष: एक गळकी होणे, दुसरा अरुंद होणे. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप दोन पाकळ्यांची असते. सोळाव्या शतकात वेसालियस नामक शरीरशास्त्रज्ञाने तिला बिशपांच्या मुकुटाची उपमा दिली, आणि वैद्यकात तिला आजही त्याच मुकुटाचे नाव आहे. ज्या रोगाविषयी आम्ही बोलणार, तो बहुधा हीच झडप प्रथम धरतो.

झडपा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. काहींची झडप जन्मतःच सदोष असते. उतारवयात काहींच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो. कधी रक्तात शिरलेले जंतू झडपेवर घर करतात. परंतु आपल्या देशात तरुणपणी जी झडप निकामी होते, तिचे मूळ बहुधा लहानपणच्या सांधेतापात असते. डॉक्टर त्यास रुमॅटिक ताप म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे सुजतो व आपोआप बराही होतो. पुढे दोनतीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट, असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. याचे कारण असे की, जंतूंशी लढावयास निघालेली शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांधे पूर्ववत होतात. झडपेवरचा व्रण मात्र राहतो, आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत जातो.

आता आमचाच एक अपराध कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तेथील वसतिगृहात बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे गुडघे सुजले, मग घोटे सुजले. आम्ही म्हणालो, वाढीचे वय आहे. तेल चोळून घे. आठ दिवसांत ती खेळू लागली आणि आम्ही विसरून गेलो. पुढे तिचे लग्न झाले. पहिल्या गर्भारपणात तिला रात्री उताणे निजवेना. उशाशी गोधड्या रचून ती बसून राही. कोणी दमा म्हणाले, कोणी बाहेरची बाधा म्हणून दोरा बांधला. तालुक्याला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मूल वाचले. त्याचा बाप्तिस्मा आणि त्याच्या आईचे दफन एकाच आठवड्यात आमच्या हातून झाले. तिची झडप केव्हा बिघडली असावी हे डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा आम्हांस ती तेलाची बाटली आठवली.

म्हणून लक्षणे नीट ऐका. १९४९ सालापासून हरेगावास मतमाउलीची यात्रा भरते. गेल्या वर्षी जो मनुष्य तेथवर सहज चालत गेला, त्यास यंदा अर्ध्या वाटेत धाप लागली, तर तो केवळ अशक्तपणा समजू नये. उताणे निजल्यावर कोंडणे, छातीत धडधडणे, पावलांवर सूज, खोकल्यातून रक्त, चालताना घेरी: यांपैकी काहीही दिसल्यास छाती तपासून घ्यावी. १८१६ साली फ्रान्समधील लेनेक या श्रद्धावान कॅथलिक डॉक्टराने छातीची नळी शोधून काढली. बिघडलेल्या झडपेचा आवाज आजही त्याच नळीने प्रथम कानी पडतो, आणि इको नावाच्या तपासणीने त्याची खात्री होते.

उपाय आहे, आणि तो दूरचा नाही. घसा दुखून ताप आला की मुलास त्वरित डॉक्टरांस दाखवावे. जंतूचा घसा ठरल्यास पहिल्या नऊ दिवसांत दिलेले पेनिसिलीन सांधेताप टाळते. हेच औषध आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ सालापासून तयार होऊ लागले. ज्यास सांधेताप एकदा आला, त्यास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई घ्यावी लागते, आणि तीही कित्येक वर्षे. झडप फार बिघडली असल्यास चाळिशीपर्यंत वा त्यापुढेही. येथेच आपले घोडे अडते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत दाटीने निजणाऱ्या मुलांत घशाचा रोग चटकन पसरतो, आणि गाव सुटले की सुईची तारीखही सुटते. तरी निघताना डॉक्टरांचा कागद बरोबर न्या, आणि जेथे फड असेल तेथील आरोग्यकेंद्रात तो दाखवा.

झडप फारच बिघडली तरी आशा सोडू नये. अरुंद झडप पुष्कळदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते. नाही तर नवी बसविता येते. १९९० साली तिरुवनंतपुरम येथे आपल्याच देशात घडविलेली झडप प्रथम बसविण्यात आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया मोडतात, हेही गरिबांनी ध्यानात ठेवावे. मात्र धातूची झडप बसलेल्यास रक्त पातळ ठेवण्याची गोळी आजन्म घ्यावी लागते. आणि झडपेचा रोग असलेल्या मुलीने लग्नापूर्वी व गर्भारपण येण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ही गोष्ट सासरपासून लपवू नये.

प्रार्थना अवश्य करा, आम्हीही करू. परंतु आजाऱ्यांस बरे करणाऱ्या प्रभूने आपल्या हाती जे औषध दिले आहे, ते न घेता केलेली प्रार्थना अर्धी होय. आज घरी गेल्यावर आपल्या मुलांस एवढेच विचारा: घसा दुखतो काय? गुडघे सुजले होते काय? या महोत्सवाची याहून मोठी दक्षिणा आम्हांस नको.

प्रभू आपणां सर्वांचे रक्षण करो. आमेन.