वाजविणाराचे नाव



घाटकोपर-विक्रोळीच्या कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही पंचवीस वर्षे सभा घेतल्या. कामगार म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे पाना, हातोडा येई. व्हायोलिनचा गज कधी आला नाही. या चुकीची आज कबुली द्यावयाची आहे.

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' निघाला. अँथनी गोन्साल्विसच्या त्या गाण्यावर आम्ही लहानपणी गणपतीच्या मांडवात नाचलो. ते नाव खऱ्या माणसाचे आहे, हे फार उशिरा कळले.

गोन्साल्विस गोव्यातील माजोर्ड्याचे, जन्म १९२७. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत ते व्हायोलिन वाजवीत आणि संगीतकाराने चाल दिली की कोणत्या वाद्याने काय वाजवावे ते कागदावर मांडून देत. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याजवळ शिकले. १९५८ साली आपली रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले, पुढे गावी परतले आणि २०१२ साली वारले.

त्या काळी पडद्यावर संगीतकाराचे नाव झळके. मागे वाजविणारे बहुतेक हात निनावीच राहत. प्यारेलालनी गुरूचे नाव घरोघर पोहोचविले, पण तेही एका विनोदी गाण्यातून!

मजुरीसाठी आम्ही पुष्कळ भांडलो. कामावर कामगाराचे नाव असावे, हीही मागणीच आहे. यापुढे गाणे आवडले, तर एवढे जरूर विचारा: वाजविले कोणी?