आमटीतलं मीठ

अमेरिकेत निवडणूक लागली की आपल्याकडे एकच चर्चा : कोण आला तर भारताला बरं? अहो, तिथला मतदार घरभाडं, किराणा आणि पेट्रोल यांचा हिशेब करून मत देतो. जगाचा विचार त्याच्या मनात नसतोच, असं नाही. असतो, पण आमटीतल्या मिठाइतका.

मीठ बेताचं पडलं तर जेवणारा कधी त्याची तारीफ करतो का? अध्यक्ष थोरले बुश बघा. १९९१ साली कुवेत सोडवला, तेव्हा गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोक त्यांच्या कामावर खूश. पुढच्याच वर्षी मंदीने पोळलेल्या त्याच लोकांनी त्यांना जेमतेम ३७ टक्के मतं दिली.

आणि मीठ चुकलं तर? तर पहिल्या घासालाच ताट सरकतं. अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्त आणि इस्रायलचा समेट घडवला, त्याचं कौतुक मतपेटीत उतरलं नाही. तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या ५२ अमेरिकनांचे दिवस मात्र रोज रात्री टीव्हीवर मोजले जात होते. मतदान आलं ४ नोव्हेंबर १९८० ला, म्हणजे ओलीस धरल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी! महागाई होतीच, त्यात ही भर. पुन्हा सांगतो, कारण हेच नेमकं निसटतं : परराष्ट्र धोरण जमलं तर मतं वाढतीलच असं नाही, फसलं तर मात्र जातात.

आता पंगतीत एखादा रक्तदाबवाला असतोच. तो बसायच्या आधीच मिठाची चौकशी करतो. मायामीचे क्यूबन तसे. एलियान गोन्झालेझ हा लहानगा २००० साली क्लिंटन सरकारने क्यूबाला परत पाठवला, त्याचा राग त्यांनी डेमोक्रॅटांवर काढला; आणि त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल लागला ५३७ मतांनी. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचे अरब तसेच. २०२४ मध्ये गाझापायी त्यांनी डेमोक्रॅटांकडे पाठ फिरवली. अशी माणसं मोजकीच, पण त्या-त्या वेळी अटीतटीच्या राज्यात राहत होती! सगळ्या देशाचे सरासरी आकडे वाचून हे कळायचं नाही, आणि आपली वर्तमानपत्रं तेवढेच आकडे छापतात.

व्हिएतनामचं तर राहूनच गेलं. त्या युद्धासाठी अमेरिकेतल्या मुलांना सक्तीने लष्करात नेत होते, त्यामुळे युद्ध थेट घरात शिरलं होतं. १९६८ च्या मार्चअखेर अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वतःच… पण निवेदिका घड्याळ दाखवताहेत. ते पुढच्या वेळी.