परतीचं इंधन
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं संयोजकांनी सांगितलंय. उपग्रहांनी टिपलेली चित्रं संगणकाकडून वाचून घ्यायची, हे माझं काम. प्रोग्रॅमिंगबद्दल बोलले तर तुम्ही जेवणाची चौकशी सुरू कराल, म्हणून एका उपग्रहाबद्दलच बोलते.

लँडसॅट-५. १ मार्च १९८४ रोजी तो कॅलिफोर्नियातून सुटला, तेव्हा आपण बालवाडीत होतो. ७०५ किलोमीटर उंचीवरून तो दर १६ दिवसांनी त्याच जागेवर परत यायचा. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद जमीन. आपल्या शाळेच्या मैदानाला जेमतेम पाच-सहा ठिपके मिळतात! पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही तो टिपायचा. त्यांत उभं पीक उजळ दिसतं आणि पाणी काळंभोर.

त्याचं आयुष्य धरलं होतं तीन वर्षांचं. पुढे स्पेस शटलने जाऊन त्याला गाठायचं, असा बेत होता. त्यासाठी त्याला खालच्या कक्षेत उतरावं लागणार, म्हणून जादा इंधन भरलेलं होतं. १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि तो बेत बारगळला. न्यायला कोणी आलंच नाही. मग तेच इंधन कक्षा सांभाळायला पुरत राहिलं. २००५ मध्ये सौर पंखा फिरवणारी यंत्रणा बिघडली, २००७ मध्ये बॅटरी. पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे कोण जाणार? जमिनीवरच्या लोकांनी नुसत्या आज्ञा पाठवून त्याला पुन्हा कामाला लावलं. (आमच्याकडे तीन वर्षांचा लॅपटॉप ‘जुना’ म्हणून बदलतात.) जून २०१३ मध्ये तो कायमचा बंद केला. एकोणतीस वर्षं!

माझ्या मते मात्र त्याच्या बाबतीतली सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीवर घडली. एकेकाळी त्याचं एक चित्र हजारो डॉलरना विकलं जायचं. आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला ते परवडणं शक्यच नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला करायचं ठरवलं. आज कोणीही, कुठूनही तो उतरवून घेऊ शकतं.

मीही घेतला. शाळेमागच्या तळ्यात मुळात पाणी कुठवर होतं, यावरून गावात वाद चालू आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. लँडसॅट-५चं एक जुनं चित्र आणि आताच्या लँडसॅट-९चं एक, दोन्ही जानेवारीतली घेतलीत, म्हणजे ‘उन्हाळ्यात आटतंच’ असं कोणाला म्हणता येऊ नये. ठिपक्याचा आकार दोन्हीकडे तेवढाच आहे, त्यामुळे सरळ मोजता येतात. जुन्या चित्रात देवळाच्या पायरीपासून पलीकडच्या बांधापर्यंत सगळं काळं आहे. नव्यात उरलाय एक कोपरा.

दोन्ही चित्रं बाहेर व्हरांड्यात लावली आहेत. आधी नदीचं वळण शोधा, त्याच्या अलीकडे शाळा. नगरपालिकेत असलेल्या आपल्या मित्रांनी जेवणाआधीच बघावीत, ही विनंती.