ड्रम का ढवळायचा? बुरशीकडून शिकायची एक गोष्ट

मीरा-भाईंदरच्या उत्तन-डोंगरी भागातल्या बचत गटांच्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलतोय. आमच्यातल्या काही जणी मासळी विकतात, काही जणी भाजीचे वाफे करतात. महापालिकेच्या हद्दीत राहत असलो तरी शेणखत, बियाणं, जीवामृत हे विषय आमच्या बैठकीत नेहमीच निघतात.

एक प्रश्न बऱ्याच गटांतून येतो. दोन घरी जीवामृत एकाच मापानं भिजवलं. एकीच्या ड्रमला आंबूस, मातीसारखा वास आला आणि दुसरीच्या ड्रमला नाक धरायची वेळ आली. शेण तेच, गूळ तोच, मग बिघडलं कशानं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. हवा कमी पडली. आज आपण या हवेबद्दलच बोलणार आहोत.

आंबवण्याचे दोन प्रकार आपल्याला घरातूनच माहीत आहेत. इडलीचं पीठ झाकून ठेवतो, लोणचं बरणीत दाबून भरतो, जनावरांचा मुरघास तर हवा काढून बंद करतो. तिथल्या जिवाणूंना हवा लागत नाही. दुसरा प्रकार आमच्याकडे ताडीत दिसतो. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला फुगे तळतात, ते पीठ पूर्वी ताडीनं फुगवायचे. तीच ताडी उघडी राहिली की तिचा शिरका होतो. शिरका करणाऱ्या जिवाणूंना हवा लागतेच. म्हणून रुंद तोंडाच्या भांड्यात शिरका लवकर होतो आणि बूच घट्ट लावलेल्या बाटलीत होत नाही. जीवामृत, शेणखताचा ढीग आणि ट्रायकोडर्मा ही सगळी या दुसऱ्या, हवा खाणाऱ्या प्रकारातली.

आता थोडा हिशोब मांडू. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम. पाणी तापलं की तोही कमी होतो. टोपात जिवंत मासे ठेवले की थोड्या वेळानं ते वर येऊन तोंड उघडतात, त्याचं कारण हेच. जीवामृताच्या २०० लिटर पाण्यात सगळा मिळून दीड ग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. त्यात आपण घालतो २ किलो गूळ. जिवाणूंनी हा गूळ पुरता जिरवायचा म्हटलं तर त्यांना जवळजवळ २ किलो प्राणवायू लागेल. दीड ग्रॅम कुठे आणि दोन किलो कुठे! म्हणजे पाण्यात आधीपासून असलेली हवा बघता बघता संपते. पुढची हवा वरून सारखी आत जात राहिली पाहिजे. ती गेली नाही, तर हवा न लागणारे, कुजवणारे जिवाणू ड्रमचा ताबा घेतात.

हीच अडचण एकेकाळी माणसांच्या जिवावर बेतली होती. पेनिसिलिन हे औषध एका बुरशीपासून मिळतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२८ साली लंडनमध्ये दिसलं. पुढे ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ते वापरण्याजोगं करायला घेतलं, तेव्हा बुरशी फक्त पाण्याच्या वरच्या थरावर वाढायची, कारण हवा तिथेच मिळायची. म्हणून शेकडो उथळ, पसरट भांडी मांडावी लागली. ती सांभाळायला सहा तरुणी कामावर ठेवल्या होत्या. त्यांना 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. एवढे कष्ट करूनही औषध चिमूटभरच निघायचं. १९४१ साली एका पोलिसाला ते दिलं. त्याला उतार पडू लागला, तेवढ्यात औषध संपलं आणि तो दगावला.

मार्ग निघाला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. भांड्यांच्या जागी मोठमोठ्या उंच टाक्या आल्या. टाकीच्या तळातून स्वच्छ केलेली हवा बुडबुड्यांनी सोडायची आणि मोठ्या पात्यांनी पाणी घुसळत राहायचं. आपल्या महाराष्ट्रातही असा कारखाना उभा राहिला, पुण्याजवळ पिंपरीला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं स्थापन झाली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या टाक्यांतही तुमच्या-आमच्या ड्रमसारखंच काम चालायचं. पाण्यातल्या जीवाला हवा पोचवायची.

हवा पाण्यात शिरते ती बुडबुड्याच्या कडेतून. म्हणून बुडबुडा जितका बारीक तितकं चांगलं. एक सेंटीमीटरचा, बोरासारखा एक बुडबुडा घ्या. त्याच हवेचे एक मिलिमीटरचे, मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे केले तर ते हजार होतात आणि त्यांची एकूण कड दहापट होते. बारीक बुडबुडा वर यायलाही वेळ लावतो, त्यामुळे हवा पाण्यात जास्त वेळ राहते. पण बारीक बुडबुडे एकमेकांना भेटले की जुळून मोठे होतात आणि भसाभस वर निघून जातात. शिवाय घुसळलं की फेस येतो. फेस टाकीबाहेर जाऊ नये म्हणून कारखान्यात फेस मारणारं तेल घालतात. त्या तेलानं फेस बसतो खरा, पण बुडबुडेही जुळतात आणि हवा कमी पडते. फेस आवरायचा की हवा द्यायची, ही तिथली रोजची ओढाताण.

इथे बुरशीच मदतीला येते. पावसाळ्यात वाळक्या फांदीवर आलेली छत्री किंवा गटातल्या धिंगरी अळंबीची टोपी जवळून बघा. पाण्याचा थेंब तिच्यावर मोत्यासारखा घरंगळतो. बुरशीचे तंतू ओल्यात वाढतात, पण बीजं पसरवायला त्यांना हवेत वर यावं लागतं. पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पापुद्र्यासारखा असतो, नाजूक तंतूला तो फोडता येत नाही. म्हणून बुरशी एक प्रथिन सोडते. त्याचं नाव हायड्रोफोबिन, म्हणजे पाण्याला भिणारं. त्याच्या एका बाजूला पाणी आवडतं, दुसरीला नको असतं. त्यामुळे ते बरोबर पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जाऊन ओळीनं बसतं. त्यातलं एक प्रथिन पाण्याचा तो ताण तिसऱ्या हिश्शावर आणतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले जोसेफ वेसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१च्या सुमारास ही प्रथिनं जगापुढे आणली. अळंबीच्या आतल्या बारीक हवेच्या वाटांनाही याच प्रथिनाचं अस्तर असतं. पाऊस पडला तरी त्या वाटा पाण्यानं भरत नाहीत आणि अळंबीला श्वास घेता येतो.

हे प्रथिन बुडबुड्याभोवती बसलं की त्याची घट्ट साय होते. मग बुडबुडे सहजी जुळत नाहीत. इडलीच्या पिठात उडदाचा चिकटपणा असंच काम करतो. नुसतं तांदळाचं पीठ आंबवलं तर हवा निसटते, उडीद असला की पीठ फुगून राहतं. ट्रायकोडर्मा जातीच्या एका बुरशीच्या हायड्रोफोबिननं केलेला फेस महिनोन्‌महिने टिकल्याचं शास्त्रज्ञांनी पाहिलं आहे. त्यावरून असा विचार पुढे आला की आंबवण्याच्या टाकीत हे प्रथिन अगदी थोडं घातलं, तर बुडबुडे बारीक राहतील आणि तेवढ्याच विजेत पाण्याला हवा जास्त मिळेल. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं तर हे प्रथिन जिवाणूंकडून टाकीत बनवून घेतलं.

पण प्रमाण चुकलं तर हेच प्रथिन त्रास देतं. बुडबुडा फार वेळ टिकला तर त्यातला प्राणवायू संपतो आणि नुसतं पोकळ टरफल फिरत राहतं. फेसही चढतो. बुरशी लागलेल्या सातूची बिअर केली, तर बाटली उघडताच ती कारंज्यासारखी उसळते, तेही याच प्रथिनामुळे. शिवाय ही आपल्या बाजारात मिळणारी वस्तू नाही. कोणी बाटली घेऊन आलं आणि 'यानं जीवामृत दुप्पट जोमाचं होतं' म्हणालं, तर गटाचे पैसे देऊ नका.

मग आपल्या हातात काय आहे? बरंच आहे.

पहिलं, ढवळणं. सकाळ-संध्याकाळ लांब काठीनं तळापासून वर ढवळायचं. मगानं पाणी उचलून उंचावरून परत ओतलं तर हवा आणखी मिसळते. ड्रम काठोकाठ भरू नये, वर चौथा हिस्सा रिकामा ठेवावा.

दुसरं, झाकण. घट्ट झाकण नको, गोणपाट किंवा सुती फडकं बांधा. ड्रम सावलीत ठेवा, तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते.

तिसरं, गूळ मापातच. जास्त गूळ म्हणजे जास्त जोम, असं नाही. जास्त गूळ म्हणजे जास्त भूक, आणि तेवढी हवा ड्रममध्ये नसते.

चौथं, साबण आणि तेल लांब ठेवा. फेस येतो म्हणून बुडबुडे वाढतील, या समजुतीनं कुणी साबणाचा चुरा घालू नये. साबणाच्या थरातून हवा पाण्यात सावकाश शिरते आणि जिवाणूही मरतात. ड्रम धुतला तर साबण पुरता निघेपर्यंत खळखळून घ्या.

पाचवं, ट्रायकोडर्मा. पावडर पाण्यावर तरंगते, म्हणून ती खोटी असं समजू नका. तिच्या बीजांवर हायड्रोफोबिनचं कवच असतं आणि पाकिटातली शंखजिऱ्याची भुकटीही लवकर भिजत नाही. बेसन कालवतो तसं आधी थोड्या पाण्यात घट्टसर कालवा, मग पातळ करा. बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम पुरतो. वाढवायचा असेल तर पाण्याच्या ड्रमपेक्षा शेणखत बरं, कारण त्याच्या पोकळीत हवा असते. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो पावडर मिसळा, ओलावा राखा, झाकून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी खाली-वर करा. आठवडाभरानं शेतात टाका. पावडर हाताळताना नाकाला फडकं बांधा.

विकण्याबद्दलही सांगायला हवं. स्वतःच्या शेतापुरता ट्रायकोडर्मा करणं वेगळं. पाकिटं भरून रोगनाशक म्हणून विकायचा असेल, तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी आणि परवाना लागतो. गटानं भांडवल घालण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. आमच्या बाजूच्या पालघर जिल्ह्यात ते कोसबाड टेकडीवर आहे.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. एकाच ड्रममधलं ताजं जीवामृत दोन बरण्यांत अर्धं-अर्धं घ्या. एक फडक्यानं झाकून दिवसातून दोनदा ढवळा. दुसरी काठोकाठ भरा, झाकण नुसतं वर टेकवा आणि तिला हात लावू नका. तीन दिवसांनी दोन्हींचा वास घ्या आणि काय आढळलं ते गटाच्या वहीत लिहा. ज्यांच्या घरी ड्रम ढवळायला कुणी नसतं, त्यांच्यासाठी गटात पाळ्या लावता येतील का, तेही ठरवा.