पोराचा टाय आणि थोरल्या जावेची गाठ

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, पण एक टॉवेल नाहीतर ओढणी जवळ ठेवा. मध्ये लागणार आहे.

आज आम्ही टायबद्दल बोलणार आहोत. हो, टायच. पोरांच्या गळ्यातला. मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी हसल्या. कर्जाचा हप्ता राहिला बाजूला आणि टाय काय घेऊन बसलात, म्हणाल्या. पण त्यांच्याच घरात टायची गाठ कुणाला येत नव्हती, हे दहा मिनिटांत कळलं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनींचा मुलगा सहावीत आहे. तुम्हाला माहीतच आहे, 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आपल्या खोडदला दुर्बिणीच्या आवारात विज्ञानाचं प्रदर्शन भरतं. 1928 साली त्याच तारखेला रामन यांनी आपला शोध जाहीर केला होता, म्हणून तो दिवस. एरवी आपण त्या दुर्बिणी रस्त्यावरूनच बघतो. एकूण 30 आहेत. एकेकीची तबकडी 45 मीटर रुंद. 14 इथे मध्यावर आणि बाकीच्या तीन बाजूंना, सगळ्या मिळून सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात. त्या दिवशी मात्र दार उघडतं आणि गावोगावच्या शाळांची पोरं आपापली मॉडेलं घेऊन येतात. या पोरानं ठिबक सिंचनाचं मॉडेल केलं होतं. सलाइनच्या नळ्या, आइस्क्रीमचे डबे, सगळं घरातलंच. शाळेतून निरोप आला की मुलांनी पूर्ण गणवेशात यायचं, टायसकट.

आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी टाय आणला तो मोठ्या माणसाचा. दुकानदाराकडे लहान नव्हता. पोराच्या गुडघ्यापर्यंत येत होता. घरात कुणाला गाठ येईना. शेजारच्या दादांना बोलावलं. ते चाकणला एका कंपनीत सिक्युरिटीत आहेत, रोज टाय लावतात. ते म्हणाले, आमचा टाय तयार गाठीचा असतो, मागे हुक असतो, आम्हाला कुठे बांधता येतो! शेवटी मालकांनी बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. सकाळी घाईत पोरानं टोक ओढलं आणि गाठ गळ्याशी आवळली. ती निरगाठ, सैल होईना. पोर घाबरलं, मान लाल झाली. आजीनं कात्री घेतली आणि नवा कोरा टाय कापून टाकला. आजी होत्या म्हणून बरं. पैशाचा विचार करत बसल्या नाहीत.

पोर टायशिवाय गेलं. आणि दिवसभर मॉडेलच्या मागे उभं राहिलं. बोलला तो जोडीदार. ज्यानं नळ्यांना भोकं पाडली, डबे बसवले, तो गप्प. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, मला कुणी पुढे बोलावलंच नाही.

टायमुळेच बोलावलं नाही का, ते आम्हाला माहीत नाही. पोराला मात्र तसंच वाटलं, आणि वहिनींनाही. बैठकीत सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मी ब्लाउजचे गळे शिवते, नऊवारीचा काष्टा घालते, पोत ओवते, आणि एवढी एक चिंधी मला बांधता आली नाही.

तेव्हाच आम्ही ठरवलं, ही गाठ शिकायची.

शिकवली कुणी? एकीच्या भाचीनं. आठवीत आहे, नारायणगावला जाते. मुलींनाही टाय असतो ना आता. ती आली, पोत्यावर बसली आणि पंधरा बायकांना शिकवून गेली. तिनं टायच्या दोन टोकांना नावं दिली. रुंद टोक ती थोरली जाऊ, बारीक टोक ती धाकटी. धाकटीनं जागा सोडायची नाही. सगळी धावपळ थोरलीनं करायची. आम्ही म्हटलं, बाई, घरात तर उलटं असतं.

आता घ्या तो टॉवेल. लांब घडी घाला, गळ्यात टाका. उजव्या हाताला थोरली, डाव्या हाताला धाकटी. थोरली बरीच लांब ठेवा, धाकटी आखूड.

थोरलीला धाकटीच्या अंगावरून डावीकडे न्या. मग धाकटीच्या पाठीमागून परत उजवीकडे आणा. झाला एक वेढा. आता पुन्हा समोरून डावीकडे न्या. हा जो समोरचा आडवा पट्टा तयार झाला ना, त्याच्या आत एक बोट घालून ठेवा, सोडू नका. आता थोरलीला खालच्या बाजूनं गळ्याजवळच्या फटीतून वर काढा, हनुवटीकडे. आणि वरून खाली, जिथे तुमचं बोट आहे त्या पट्ट्याच्या आतून ओढून घ्या. बोट काढा. एका हातानं धाकटी धरा, दुसऱ्या हातानं गाठ हळूच वर सरकवा.

जमलं? नाही जमलं तरी हरकत नाही. आमच्यातल्या निम्म्या बायकांना तिसऱ्या खेपेला जमलं. चूक बहुतेक बोटाच्या ठिकाणी होते. बोट काढलं की पट्टा हरवतो.

या गाठीचं वैशिष्ट्य असं की ती सरकती आहे. धाकटी धरून गाठ खाली ओढली की सैल होते. निरगाठ तशी होत नाही. त्या पोराच्या गळ्यात जे झालं ते म्हणूनच झालं.

आणखी एक. टाय पोराच्या गळ्यात बांधायचा नाही. आधी आपल्या गळ्यात, आरशासमोर बांधायचा. मग सैल करून डोक्यावरून काढायचा आणि पोराच्या डोक्यातून घालायचा. कॉलर वर करायची, टाय बसवायचा, कॉलर खाली. पोर हलत असतं, आपण घाईत असतो, आणि गळा त्याचा असतो. रोजची गाठ सोडायचीही गरज नाही. सैल करून खिळ्याला अडकवून ठेवली की आठवडा निघतो. पण शनिवारी सोडा, नाहीतर कापडाला कायमची घडी पडते.

आता घ्यायचा कसा ते सांगतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला बांधायचा टाय घेऊच नका. तयार गाठीचाच घ्या. दहा-अकरा वर्षांच्या पोराला 45 ते 48 इंच लांबीचा टाय पुरतो. मोठ्यांचा 57-58 इंचांचा असतो, तो पोराला झोळीसारखा दिसतो. रुंदी दोन ते अडीच इंच, त्यापेक्षा जास्त नको. बांधल्यावर टोक पट्ट्याच्या बकलाशी यावं. तिथून वर राहिलं तर आखूड, खाली लोंबलं तर लांब. दुकानात जाताना पोर बरोबर नसेल तर घरीच टेपनं वरच्या बटणापासून बकलापर्यंतचं अंतर मोजून लिहून न्या.

पण टाय चांगला दिसतो तो टायमुळे कमी आणि कॉलरमुळे जास्त. आपण सगळ्या शर्ट वाढत्या अंगाचा घेतो. आम्हीही घेतो, त्यात लाज नाही. पण कॉलर मोठी असली की टाय तिला ओढतो आणि गळ्याशी पोत्याचं तोंड बांधल्यासारखं दिसतं. सगळ्यात वरचं बटण लावून आत दोन बोटं गेली पाहिजेत, चार नाही. शर्ट मोठाच असेल तर वरचं बटण अर्धा इंच आत सरकवून लावा. पोर वाढलं की परत जागेवर.

लग्नाकार्याला घेत असाल तर चकचकीत सॅटिनच्या मागे लागू नका. एका जेवणात त्याचं भांडं होतं आणि डाग निघत नाही. चौकड्यांच्या शर्टावर एकरंगी टाय, एकरंगी शर्टावर तिरप्या रेघांचा. गडद निळा नाहीतर मरून कुठल्याही शर्टावर चालतो. कपड्यांच्या दुकानात थ्री-पीस लावलेला पाच वर्षांचा पुतळा बघून आपण भुलतो. पण एप्रिल-मेच्या उन्हात, मांडवात, त्या पोराचं काय होतं तेही आपणच बघतो. फोटो झाला की काढून पिशवीत टाका.

शिवण येणाऱ्या मैत्रिणींनो, टाय घरी शिवता येतो. कापड उरेब कापायचं, ब्लाउजच्या गळ्याची पट्टी कापतो तसं. सरळ कापलं तर टाय पिळतो आणि गाठ नीट बसत नाही. आत पातळ कॅनव्हास घाला, बकरम नको, फार ताठ होतं. मागची शिलाई हातानं, सैल टाक्यांची घाला म्हणजे कापड ताण खातं. ताण खाण्यावरून आठवलं. आपल्या दुर्बिणीच्या तबकड्या म्हणजे काही पत्र्याचे सूप नाहीत. बारीक तारेची जाळी पोलादी दोरांनी ताणून धरली आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून एवढी मोठी तबकडीही हलकी राहिली आणि स्वस्तात झाली. डॉ. गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. आम्ही प्रदर्शनात ऐकलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे हेही शिवणकामच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तेवढं कान देऊन ऐका. तयार गाठीच्या टायला मागे इलॅस्टिक असतं. ते ताणतं, पण सुटत नाही. झोपाळ्याच्या साखळीत, घसरगुंडीच्या खिळ्यात, बसच्या दारात टोक अडकलं तर गळा तिथेच राहतो. ओढणी मोटारसायकलच्या चाकात गेली तर काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. आणि आपल्या पोरांना शाळेतून आल्या आल्या गोठ्यात जायची सवय. कडबाकुट्टी चालू असते. टाय घातलेलं पोर कडबाकुट्टीजवळ, मळणी यंत्राजवळ, रसवंतीच्या चरकाजवळ जाता कामा नये. दप्तर ठेवायच्या आधी टाय निघाला पाहिजे, हा आम्ही घरोघरी नियम केला आहे.

इलॅस्टिक काढून तिथे इंचभर वेल्क्रो लावा. दहा मिनिटांचं काम आहे. लावल्यावर टोक धरून हलकासा हिसका द्या. सुटला पाहिजे. नाही सुटला तर वेल्क्रो कमी करा. आमच्या गटानं दोन बैठकांत बावीस टाय असे करून दिले.

कुणी विचारेल, मुळात पोराला टाय हवाच कशाला? आम्ही यावर भांडलो. एक म्हणाली, गोऱ्यांचा कंठलंगोट आहे, फेटा बांधा त्यापेक्षा. तसं म्हटलं तर टाय हा मुळात सैनिकाचा गळ्यातला रुमाल. सतराव्या शतकात क्रोएशियाचे सैनिक फ्रान्समध्ये तो घालून गेले आणि तिथल्या लोकांनी उचलला. पण दुसरी म्हणाली, आपल्या वस्तीत चौकात पुतळा कुणाचा आहे? निळा कोट, लाल टाय. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, तो पुढे तसा उभा राहिला. माझ्या पोराच्या गळ्यात टाय बघते तेव्हा मला गोरे नाही आठवत, म्हणाली. त्यावर कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पण हवा असणं वेगळं आणि सक्तीचा असणं वेगळं. सरकारी शाळेच्या मोफत गणवेशात टाय येत नाही. दोन गणवेशांना 600 रुपये, त्यात शर्ट आणि पँटच कशीबशी बसते. 2024-25 मध्ये गणवेशाची शिलाई बचत गटांकडे आली होती, पुढच्या वर्षी ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. तेव्हा आपण शिवणाऱ्या होतो. आता आपण ठरवणाऱ्या होऊ शकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्यातल्या किती जणींची नावं तिथे आहेत आणि किती जणी नुसती सही करून येतात, ते आपल्यालाच माहीत. आमच्या तिघी आहेत. त्यांनी मागच्या सभेत दोन गोष्टी मांडल्या. टाय हवा असेल तर वेल्क्रोचाच हवा. आणि टाय नाही म्हणून कुठल्याही पोराला मागे उभं करायचं नाही, प्रदर्शनात तर नाहीच. मार्चपासून उन्हाळ्यात टाय नको, हेही मांडलं. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर गुरुजी म्हणाले, बघू. पुढच्या सभेला आम्ही परत विचारणार आहोत.

त्या वहिनींचं सांगायचं राहिलं. उरलेल्या कापलेल्या टायचं त्यांनी काय केलं? दोन्ही तुकडे उसवले, आतलं कॅनव्हास काढलं आणि 46 इंचांचा नवा टाय केला. कापलेल्या ठिकाणी मानेमागे जोड दिला, कॉलरखाली जातो, दिसत नाही. पोर आता स्वतः बांधतं. परवा आम्ही गेलो तर धाकट्या बहिणीला शिकवत होतं, थोरली जाऊ इकडून, थोरली जाऊ तिकडून. यंदाच्या 28 फेब्रुवारीला मॉडेल तेच आहे, पण त्यात आता टाइमर बसवलाय म्हणे.

पुढची बैठक नेहमीच्या ठिकाणी. हप्ता आणा, आणि ज्यांच्या घरी इलॅस्टिकचे टाय आहेत त्यांनी ते पण आणा. वेल्क्रो गटाकडे आहे. नमस्कार.