घटपर्णीची निवड

फुलांच्या निवडीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी घटांच्या निवडीविषयी चार शब्द बोलणार आहे.

घटपर्णीच्या पानाच्या टोकाला झाकणासहित घट लटकतो. त्यात पडलेले किडे विरघळतात व झाडाचे पोषण होते. भारतात हिची एकच जात, तीही मेघालयाच्या डोंगरांत. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या बियांची मी बारा रोपे केली. घटपर्णीत नर व मादी झाडे निराळी असतात. त्यामुळे सख्ख्या बहिणींप्रमाणे प्रत्येक रोपाचे रूप वेगळे. दुसऱ्या वर्षी एक रोप फिकट दिसले, म्हणून मी ते शेजारी देऊन टाकले. आज त्याचेच तांबूस घट सर्वांत देखणे आहेत! शेजारणीने मोठ्या मनाने मला त्याची फांदी दिली. तो रंग बियांतून हमखास उतरत नाही, छाटकलमानेच टिकतो.

तेव्हा मुळांना खत घालू नका, साठवलेले पावसाचे पाणी द्या, डोंगरातून उपटलेले रोप कधीही घेऊ नका. आणि लहान रोपाची पारख करण्याची घाई तर मुळीच नको.