यंत्रयुगातील वर्ग आणि शिक्षक

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून विद्यार्थी वसतिगृहाच्या अभ्यासिकेसाठी डिजिटल फळा व टॅब घ्यावेत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना स्वागतार्ह आहे. तथापि हा निधी म्हणजे आपल्या बांधवांच्या घामाचा पैसा होय. म्हणून यंत्र आल्याने अध्यापनात नेमके काय पालटते, याचा विचार आधी करणे युक्त ठरेल.

शिक्षणात यंत्र आजच आले असे नाही. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली व शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम झाले. परंतु मुलाला शंका आली म्हणून तो पडदा थांबत नसे. आजचा पाठ थांबविता येतो, मागे नेता येतो, हा मोठाच लाभ होय.

तरीही केवळ यंत्राने विद्या येत नाही. पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा संगणक पुष्कळ वाढले असूनही गणित व भाषा यांतील प्रगतीत फरक आढळला नाही. याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पारितोषिक लाभले. तेथे यंत्रामागे शिक्षकाची कल्पकता उभी होती.

पूर्वी हृदयाची आकृती फळ्यावर काढण्यात अर्धा तास जाई. आता रक्ताभिसरण दोन मिनिटांत हलतेचालते दिसते. मग उरलेल्या वेळाचे काय करावयाचे? आणखी एक चित्रफीत दाखविली, तर विद्यार्थी केवळ प्रेक्षक होतो. तोच वेळ मागच्या बाकावरील मुलाची वही पाहण्यात घालविला, तर तो सार्थकी लागतो. एखादा मुलगा १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहितो. उत्तर चूक आहे, हे यंत्र तत्काळ सांगते. परंतु त्याने अंशात अंश व छेदात छेद का मिळविला, हे त्याला जवळ बसवून विचारल्यावाचून कळत नाही. माहिती देण्याचा भार यंत्राने उचलला असता विचारण्याचे व ऐकण्याचे काम शिक्षकाकडे अधिक येते, कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी एकच मोबाईल होता, तेथे तो मुलाच्या हाती राहिला की मुलीच्या, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

म्हणून माझी विनंती अशी की, सर्व रक्कम यंत्रखरेदीत घालू नये. काही भाग दुरुस्ती व वीजव्यवस्थेसाठी आणि काही भाग शिकविणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. वसतिगृहाबाहेरील मुलींसाठीही अभ्यासिकेत ठरावीक वेळ असावी व तिची नोंदवही ठेवावी. वर्षअखेर मुलांच्या वह्या पाहून खर्चाचे फलित जोखावे. असे झाल्यास हा निधी सत्कारणी लागेल.